कुत्रा घरात आणलात, आता एकदा ओट्याखाली वाकून बघा

मंडळी, कुत्र्यांवर काही लिहिलं की कमेंटमध्ये लगेच दोन फळ्या पडतात, हे मला चांगलं माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत त्यात बदलही केला. त्या दिवसांत आपल्या स्टँडसमोरच्या टपरीवर सुद्धा दिल्लीच्याच कुत्र्यांवर चहा संपत होता. एक जण म्हणायचा सगळी उचला, दुसरा म्हणायचा मुक्या जनावराचे हाल करू नका. त्या वादात आज मी पडणार नाही. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

आज बोलायचंय ते घरातल्या कुत्र्याबद्दल. ज्याला नाव आहे, पट्टा आहे, ज्याच्या वाढदिवसाला स्टेटस पडतं, त्याच्याबद्दल. आणि त्यातही घरातल्या एकाच खोलीबद्दल, म्हणजे स्वयंपाकघराबद्दल.

मी वीसेक वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. पूर्वी कुत्रं असायचं ते वस्तीवर, गोठ्यापाशी, अंगणात. त्याला घरात यायची मुभा नव्हती. चुलीजवळ आलं तर आजी लाकूड उगारायची. लॉकडाऊननंतर चित्र बदललं. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात लॅब आला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जर्मन शेफर्ड आला, सोसायटीत पॉमेरेनियन तर दर जिन्यात एक. कुत्रा उंबरठा ओलांडून आत आला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की कुत्रा आत आला आणि घर मात्र होतं तसंच राहिलं. सिलिंडर तिथंच, कचऱ्याची बादली तिथंच, उंदराचं औषधही तिथंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ सांगतो. कुत्रा असलेल्या घरातली सगळ्यात धोक्याची खोली स्वयंपाकघर आहे. धोका कुत्र्याला आहे आणि माणसालाही आहे. ती खोली सुरक्षित करायची जबाबदारी कुत्रा आणणाऱ्याची आहे. तिथं उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईवर ती ढकलू नका.

गॅसपासून सुरुवात करू

आपल्याकडे बहुतेक घरांत सिलिंडर ओट्याखाली उभा असतो. त्याच्या डोक्यावर रेग्युलेटर आणि तिथून वर शेगडीला गेलेली नळी. आता चार महिन्यांचं पिल्लू डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ते चावतं. चप्पल चावतं, खाटेची नवार चावतं, चार्जरची वायर चावतं. ओट्याखाली लोंबणारी रबराची नळी नेमकी त्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. चप्पल कुरतडली तर दोनशे रुपयांचं नुकसान. नळी कुरतडली तर काय, ते मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्या घरात येतो तो एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यात साचतो. म्हणजे वरच्या खिडकीतून गॅस जाईल या भरवशावर राहू नका. आणि जमिनीवर कोण झोपलेलं असतं? कुत्रा. उन्हाळ्यात तर थंड फरशी म्हणून तो ओट्याखालीच पसरतो.

उपाय साधे आहेत. तारेची जाळी आतून असलेली, आयएसआय मार्क असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरा आणि दर पाच वर्षांनी ती बदला. नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. बाजारात मीटरवर मिळणारी साधी नळी स्वस्त म्हणून लावू नका. सिलिंडरच्या खणाला दार बसवा, पण त्या दाराला खालून हवा जायला फटी ठेवा. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करायचा. रात्री झोपतानाच नाही, प्रत्येक वेळी.

आता शेगडीच्या बटणांकडे या. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे. तिथं जून २०२४ मध्ये एका घरात पहाटे आग लागली. घरातल्या कॅमेऱ्यात कारण सापडलं. कुत्र्यानं पुढचे दोन पाय शेगडीवर टेकवले, त्यात बटण फिरलं आणि वर ठेवलेल्या खोक्यांनी पेट घेतला. घरचे लोक झोपेत होते. तिथल्या अग्निशमन दलानं तो व्हिडिओ लोकांना सावध करायला जाहीर केला. तिथं पेट घेतला म्हणून निदान कळलं तरी. आपल्याकडच्या साध्या शेगडीचं बटण फिरलं आणि लायटर लावलेला नसेल, तर ज्योत येत नाही, नुसता गॅस येत राहतो. मग पहाटे कोणीतरी चहाला उठतं आणि दिव्याचं बटण दाबतं.

मोठा लॅब किंवा शेफर्ड मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे पंजे आपल्या ओट्यावर सहज पोहोचतात. म्हणून शेगडीवर झाकलेली कढई, दुधाचं पातेलं, तळलेल्या माशाचं ताट ठेवून खोलीबाहेर जायचं नाही. वास आला की तो उडी मारणार, तो त्याचा स्वभाव आहे. नवीन शेगडी घ्यायचीच असेल तर बटण आधी दाबून मग फिरवावं लागतं अशी घ्या.

आणि गॅसचा वास आलाच, तर दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसांसोबत कुत्र्यालाही बाहेर काढा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. गॅसगळतीचा हा क्रमांक आहे. फ्रिजवर लिहून ठेवा.

उंदराचं औषध

पावसाळा सुरू झाला, शेतं भरली की उंदीर घरात येतात. मग कृषी सेवा केंद्रातून नाहीतर किराणा दुकानातून पुडी येते. ती पिठाच्या गोळीत, भज्यात नाहीतर टोमॅटोच्या फोडीत घालून सिलिंडरमागे, फ्रिजखाली, डब्यांच्या मांडणीखाली ठेवली जाते. जरा विचार करा, भज्याचा वास उंदराला येतो आणि कुत्र्याला येत नाही, असं कसं होईल?

करड्या-काळ्या भुकटीचं औषध म्हणजे बहुतेक वेळा झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. यावर नेमका असा उतारा नाही. आणि इथं आपल्या लोकांची एक सवय फार महागात पडते. कुत्र्यानं विष खाल्लं म्हटलं की घाईघाईनं त्याला दूध-भाकरी, तूप नाहीतर अंडं देतात. पोटात अन्न गेलं की आम्ल आणखी सुटतं आणि वायू आणखी तयार होतो. म्हणजे जीव वाचवायला दिलेलं दूध घातक ठरू शकतं. शिवाय अशा कुत्र्याला उलटी झाली तर तो वायू माणसाच्या नाकातही जातो. बंद खोलीत, काचा वर केलेल्या गाडीत त्याच्या तोंडाशी बसू नका. काचा खाली करून न्या आणि डॉक्टरांना विष कुठलं ते आधीच फोनवर सांगा.

दुसरं औषध वड्यांच्या रूपात मिळतं. त्यातलं ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही. यात फसगत अशी होते की कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो. आपण म्हणतो, चला, काही झालं नाही. मग तो मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शौचातून रक्त येतं. यावर मात्र औषध आहे, जीवनसत्त्व के-१. ते वेळेवर सुरू झालं तर कुत्रा वाचतो. म्हणून वडी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि पुडीचं वेष्टन सोबत न्यायचं.

घरात कुत्रा असेल तर स्वयंपाकघरात विष ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिंजरा लावा. बिळं जाळी कोंबून सिमेंटनं बुजवा. धान्य पत्र्याच्या कोठीत, डाळी-पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नका. उंदीर औषधानं कमी होतात त्यापेक्षा जास्त खायला न मिळाल्यानं कमी होतात.

उरलंसुरलं कुत्र्याला

आता जरा नाजूक विषय. आपल्या संस्कारातच आहे की जेवणातला एक घास कुत्र्याचा. श्राद्धाच्या पानातही गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा वाटा वेगळा काढतात. नामदेव महाराजांची गोष्ट तर घराघरात सांगितली जाते. कुत्र्यानं पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ती माया आपल्याला हवीच. पण नामदेवांच्या वाटीत नुसतं तूप होतं. आपल्या उष्ट्या ताटात आज काय काय असतं ते बघा.

मटणाचा रस्सा घ्या. त्यात कांदा-लसणाचं वाटण असतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलेला असो, वाळवलेला असो, कांदा-लसूण मसाल्यातला असो, गुण तोच. दहा किलोच्या कुत्र्याला मध्यम आकाराचे दोन कांदे त्रास व्हायला पुरेसे आहेत, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी परिणाम साठत जातो. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी लघवी लालसर-तपकिरी होते, हिरड्या फिकट पडतात, कुत्रा धापा टाकतो. तोवर रविवारचा रस्सा कोणाच्याच लक्षात नसतो.

शिऱ्यातल्या मनुका, बेदाणे आणि द्राक्षं. यानं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कोणाला किती चालतील याचा नेमका हिशेब सांगता येत नाही, म्हणून एकही द्यायची नाही. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हे दारावर लिहून ठेवावं.

चॉकलेट, आणि त्याहून जास्त कोको पावडर. जितकं काळं आणि कडू, तितकं वाईट. चहाचा चोथा आणि कॉफीची भुकटीही त्याच जातीतली. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ आता शहरातून आपल्याकडेही यायला लागलेत. काही च्युइंगगम, काही पीनट बटर, काही टूथपेस्टमध्ये ते असतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र धाडकन खाली आणतं. सगळ्याच शुगर-फ्री वस्तूंत ते नसतं, पण वेष्टन वाचल्याशिवाय कळणार कसं?

शिजवलेली हाडं. कच्च्या हाडापेक्षा शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुततात. मे महिन्यात आंब्याच्या कोया आणि श्रावणात मक्याची बुरकुंडं. हे दोन्ही कुत्रा आख्खं गिळतो आणि ते आतड्यात अडकतं. मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं, आणि ते आपल्या तालुक्यात कुठं होतं ते तुम्हीच सांगा.

मांडणीवरच्या आणखी दोन वस्तू. आजी-आजोबांच्या शुगरच्या आणि दुखण्याच्या गोळ्या डब्याजवळ ठेवलेल्या असतात, कारण जेवताना आठवण राहते. आणि अजूनही कितीतरी घरांत तव्यावर मिसरी भाजतात, तंबाखूची पुडी फळीवर असते. या सगळ्याचा कुत्र्यावर विषासारखा परिणाम होतो. पिल्लू गोळ्यांची स्ट्रिप खेळणं म्हणून फोडतं. वरच्या बंद कपाटात ठेवा, संपला विषय.

एक गोष्ट खाटीकखान्याबद्दल. बोकडाच्या फुफ्फुसात किंवा कलेजीत पाण्यानं भरलेले फोड असले की तो भाग काढून कुत्र्याला टाकायची पद्धत आहे. त्या फोडांत एका पट्टकृमीचं पिल्लू असतं. ते कुत्र्याच्या पोटात वाढतं, त्याची अंडी शौचातून बाहेर येतात, अंगाला चिकटतात. मग आपला हात कुत्र्याच्या अंगावरून फिरून न धुता पिठात, नाहीतर कोशिंबिरीत जातो आणि तेच फोड माणसाच्या यकृतात धरतात. म्हणून कुत्र्याला कच्चे अवयव घालायचे नाहीत, डॉक्टरांना विचारून जंताचं औषध वेळेवर द्यायचं आणि कुत्र्याला हात लावून सरळ कणीक मळायला बसायचं नाही.

कुत्रा एकाचा, काम दुसरीचं

बऱ्याच घरांत कुत्रा आणतो पोरगा. रील त्याची, फिरायला नेणं त्याचं, तेही आठवड्यातून चार दिवस. खाऊ घालणं, पुसणं, हाकलणं आईचं नाहीतर सुनेचं. स्वयंपाकाच्या ऐन घाईत ती उकळत्या तेलाची कढई उतरवते, मागे वळते आणि पायात कुत्रा येतो. तो वाईट नाही, त्याला तिच्याजवळ बसायचं असतं. पण तेल सांडलं तर भाजणार ती, तो आणि कडेला उभं असलेलं पोर. मग घरातले म्हणतात, “बघून चालता येत नाही का?” हे मी वेगवेगळ्या घरांत माझ्या कानांनी ऐकलंय.

तिला बघून चालायला सांगू नका. तिथं फाटक बसवा.

स्वयंपाकघराच्या दाराला अडीच-तीन फूट उंचीचं जाळीचं अर्धं दार, एवढंच लागतं. कुत्र्याला ती दिसते, तिला तो दिसतो, त्याचं भुंकणं कमी होतं आणि मधे अंतर राहतं. सुताराकडून करून घ्या, नाहीतर लहान मुलांसाठी मिळतं ते आणा. मोठ्या कुत्र्याच्या पिशवीभर खाद्यापेक्षा त्याला फार जास्त पैसे पडत नाहीत. पडदा, खुर्ची, आडवी लावलेली पाटी हे काही उपाय नव्हेत.

ज्यांचं घरच एका खोलीचं आहे, शेगडी जमिनीवर आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठीही रस्ता आहे. चूल पेटायच्या आधी कुत्र्याला खायला घालायचं आणि फिरवून आणायचं. भरल्या पोटाचा, दमलेला कुत्रा झोपतो. शेगडीपासून लांब, भिंतीकडे त्याचं एक पोतं ठरवायचं. रोज त्याच पोत्यावर बसवायचं, बसला की तिथंच त्याला खाऊ द्यायचा. दोन-तीन आठवड्यांत तो शेगडी पेटली की आपोआप पोत्यावर जातो. तोवर स्वयंपाक होईपर्यंत बाहेर सावलीत, पाण्यासह बांधा. आणि स्वयंपाक करता करता ओट्यावरून त्याला तुकडा टाकायचा नाही, घरातल्या कोणीच नाही. एकदा मिळालं की तो रोज तिथंच येऊन उभा राहणार.

त्याचं ताट स्वयंपाकघराबाहेर ठेवा. तो जेवताना लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. घरचाच कुत्रा, लाडाचाच कुत्रा, पण खाताना ताटाला हात लावला की चावतो, हे घडतं. चावलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-मिरची भरू नका. सरळ सरकारी दवाखान्यात जा. घरचा कुत्रा आहे म्हणून रेबीजची लस टाळायचा निर्णय आपला आपण घ्यायचा नाही, तो डॉक्टरांना घेऊ द्या. आणि कुत्र्याची लस दर वर्षी.

काही जण म्हणतील

“आमच्या आजोबांच्या काळी कुत्री सगळं खायची, काही झालं नाही.” मला सांगा, वस्तीवरचं कुत्रं मेलं तर कोण बघत होतं कशानं मेलं? “म्हातारं झालं होतं” म्हणून बांधावर पुरायचे. काही झालं नाही असं नाही, आपण मोजलं नाही.

“आमचा टॉमी शिकवलेला आहे.” असेल. तुम्ही समोर असताना असेल. तुम्ही लग्नाला गेलात, घरी फक्त तो आणि कचऱ्याची उघडी बादली, तेव्हा त्याचं शिक्षण किती टिकतं ते परत आल्यावर फरशीवर दिसतं. बादलीला घट्ट झाकण लावा किंवा ती कपाटात ठेवा. वेफर्सची, फरसाणाची रिकामी पाकिटं फाडून टाका, कारण तळाचा चुरा चाटायला कुत्रा डोकं आत घालतो, पाकीट तोंडाला चिकटतं आणि तो गुदमरू शकतो.

“घरातल्या गोष्टी पब्लिक विषय कशा?” अशा: सिलिंडर फुटला तर भिंत शेजाऱ्याची पण पडते. तुमच्या बादलीतली हाडं आणि कोया पिशवीत बांधून कोपऱ्यावर फेकल्या की त्यावर भटकी कुत्री जमतात, आणि मग तुम्हीच नगरपालिकेला अर्ज देता. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत द्यायचा, हा नियम २०१६ पासून आहे. घरातल्या कुत्र्याची सुरक्षा आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा त्रास, दोन्ही एकाच बादलीतून सुरू होतात.

ज्यांच्याकडून अपेक्षा आहे

गॅस एजन्सीवाल्यांनो, सिलिंडर देणारा माणूस घरात येतोच. कुत्रा दिसला तर नळीकडे एक नजर टाकायला त्याला सांगा.

कृषी केंद्र आणि किराणावाल्यांनो, उंदराचं औषध सुटं, कागदात बांधून देऊ नका. वेष्टनासकट द्या आणि “घरात कुत्रं-मांजर, लहान मूल आहे का?” एवढं विचारा. ते वेष्टन हातात असलं की डॉक्टरचा अर्धा तास वाचतो, आणि तो अर्धा तास फार मोलाचा असतो.

पशुसंवर्धन विभागाला विनंती. गाई-म्हशींसाठी १९६२ ची फिरती पथकं आहेत, चांगलं आहे. पण तालुक्याच्या गावात रात्री नऊ वाजता कुत्र्यानं विष खाल्लं तर फोन कोणाला करायचा? सरकारी आणि खासगी पशुवैद्यकांनी मिळून रात्रीची पाळी ठरवावी आणि नंबर नगरपालिकेच्या फलकावर लावावेत. पैसे घ्या, पण फोन उचला.

पिल्लू विकणाऱ्यांनो, पट्टा आणि खाद्याची पिशवी गळ्यात मारता, तसा एक कागदही द्या. काय खायला घालायचं नाही, एवढंच मराठीत लिहिलेलं.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडून एवढंच हवंय. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर ओट्याखाली गुडघे टेकून बसा. कुत्र्याच्या उंचीवरून खोली बघा. नळी कुठं लोंबतेय, औषध कुठं ठेवलंय, बादली उघडी आहे का, गोळ्या कुठं आहेत, सगळं पाच मिनिटांत दिसेल. जो कुत्रा घेऊन आला त्यानंच बसायचं. आईला वाकायला लावू नका.

आपल्या गावातले पशुवैद्यक, गॅसवाले, सुतार यांचे खात्रीचे नंबर असतील तर खाली कमेंटमध्ये टाका. चालू आहेत का ते फोन करून बघतो आणि उद्या संध्याकाळपर्यंत सगळे एका जागी लिहून याच पोस्टला जोडतो.